समासातली नाचण

मोराग धावतच पायऱ्या उतरली, शेवटून तिसऱ्या पायरीवर बसकण मारली आणि दौतीचं बूच दातांनी उपटलं. डोक्यात एक गोगलगाय होती, शिंगं रोखून चालून आलेली, आणि तिच्यापुढे भाला टाकून गुडघा टेकलेला चिलखतातला सरदार. निसटायच्या आत ती जोडी कागदावर उतरायला हवी होती. टाक बुडवून तिने शंखाचं वेटोळं एका दमात ओढलं, शिंगं काढली, सरदाराचं शिरस्त्राण काढलं आणि गुडघ्यापाशी येऊन अडली. टेकलेला गुडघा डावा होता की उजवा? बंदराकडून वारा सुटला होता. कागदावर दगड ठेवून, दौत बंद करून ती पुन्हा पायऱ्या चढली.

दारात ग्रंथपाल राविरी उभाच होता.

“हात दाखव.”

तिने दाखवले. अंगठा काळा होता.

“धुऊन ये. साबणाने.”

“काका, तोवर गुडघा विसरेन मी.”

“तू तो नीट बघितलाच नाहीस, म्हणून तर परत आलीस. जा, धू.”

किनेर्ड ग्रंथालयात शाईला बंदी होती, आणि मोराग ज्या उपक्रमात होती त्यात पेन्सिलीला. ऑक्टोबर लागला की जगभरची हौशी माणसं रोज एक चित्र शाईने काढतात. त्या दिवसाचा शब्द ठरलेला असतो. आधी पेन्सिलीने रेखून घ्यायचं नाही, खोडायचं नाही, चुकलं तर चुकलेलंच संध्याकाळपर्यंत इंटरनेटवर सगळ्यांसमोर मांडायचं. जगाच्या पार दक्षिण टोकाच्या डनिडनमध्येही अशांचा एक गट होता आणि मोराग दर वर्षी त्यात नाव घालून दर वर्षी मध्येच गळत असे. यंदा मात्र तिने हट्ट धरला होता. घरी बसून काढलेली पहिली काही चित्रं अगदीच अळणी झाली. दोरी हा शब्द आला, तिने दोरी काढली, ती हुबेहूब दोरीसारखी दिसली आणि तिला स्वतःचीच चीड आली. मग तिला किनेर्डमधली ती पोथी आठवली.

हातात मावेल एवढी प्रार्थनापोथी होती ती. पाचशे वर्षांमागे फ्लँडर्समध्ये वासराच्या कातड्यावर लिहिलेली, लोकरीच्या व्यापारात गबर झालेल्या कुणा किनेर्डने विकत घेऊन इथे आणलेली. मधल्या चौकटीत देवाचं नाव आणि भोवतालच्या समासात नुसता धिंगाणा: कुत्र्याला झोडपणारे ससे, माशाला माणसाचे पाय, डोक्यावर उलटं नरसाळं चढवलेलं माकड. शब्द कुठलाही असो, त्या समासात त्याच्यासाठी काहीतरी सापडायचंच. मोबाइलने फोटो काढायला ग्रंथालयाच्या ट्रस्टची मनाई होती, म्हणून ती आत डोळे भरून बघायची, बाहेर पळत येऊन काढायची, अडली की पुन्हा आत. पायाला भिंगरी लागल्यासारखं चाललं होतं तिचं. खरं सांगायचं तर वडील गेल्यापासूनच ती एका जागी बसू शकत नव्हती, आणि ह्या खेपांमुळे निदान त्याला निमित्त मिळालं होतं.

दाराशेजारी पितळी चौकटीत एक जुनी पाटी होती. ‘शाई आत आणू नये.’ अक्षर तिच्या वडिलांचं होतं.

यूअन डनबार ह्या ग्रंथालयाचे बुकबाइंडर. मागच्या कार्यशाळेत चाळीस वर्षं त्यांनी जुन्या पोथ्या शिवल्या, चिकटवल्या, दाबाखाली ठेवल्या, आणि आपला हात कुठे फिरला ते कुणाला कळू दिलं नाही. पोथीवर अंगठ्याचा ठसाही राहता कामा नये असं म्हणणारा माणूस. येत्या महिन्यात ट्रस्ट त्या कार्यशाळेला त्यांचं नाव देणार होता, पितळी पाटी घडवून तयार होती. मे महिन्यात ते गेले तेव्हा सगळं गाव भेटायला आलं आणि जो तो त्यांच्या हातांबद्दल बोलला. मोराग ऐकत राहिली. तिच्या हातांबद्दल ते कधी काही बोलले नव्हते. मुरंब्याच्या बाटल्यांवरची आणि माशांच्या डब्यांवरची चित्रं काढून ती पोट भरत होती. वडील तो मुरंबा पावाला लावून खात आणि बाटली फिरवून चित्र भिंतीकडे करत. ती दौत उघडून बसली की ते उठून परसात जात, मग बाहेर दक्षिणेचा बोचरा वारा का असेना. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात तिने त्यांचा हात काढायला घेतला. त्यांनी टाकाकडे पाहिलं आणि कूस बदलली. आता ते कधीच काही सांगणार नव्हते, आणि त्या पाठीचा राग तिच्या मनात अजून धुमसत होता.

ज्या दिवशी ‘शेपूट’ हा शब्द आला, त्या दिवशी राविरीने तिच्यासाठी पान उलटलं आणि खालच्या कोपऱ्यात तिला नाचण दिसली, तो चिमणीएवढा पक्षी. वेलीच्या टोकावर बसलेली, शेपटीचा पंखा पुरा उघडलेला. डोळे दोन्ही एकाच गालावर होते आणि पायांचे काट्याचमच्यातले काटे झालेले. पंख्यात एका पिसाची जागा मोकळी होती, पडलेल्या दातासारखी. ती मोकळी जागा तिला फार आवडली. पाचशे वर्षांमागच्या कुणा खट्याळ चिताऱ्याला सलाम करून ती बाहेर पळाली, आणि त्या दिवशी एकाच खेपेत चित्र पुरं झालं. हात जणू रस्ता ओळखत होता.

संध्याकाळपर्यंत त्या नाचणीवर कौतुकाचा पाऊस पडला. गटातली एक बाई म्हणाली, ही तर माझ्या कपड्यांच्या दोरीवर येते तीच. दुसऱ्याने लिहिलं, हिने सकाळीच माझ्या कुत्र्याला नाचवलं. नाचणीला इथे पिवाकावाका म्हणतात आणि ती प्रत्येकाच्या परसात असते. तुम्ही चालू लागलात की तुमच्या पावलांनी उडालेली चिलटं टिपत मागे मागे येते. इतकी घरची की तिच्याकडे कुणी बघत नाही. डनिडनमधल्या एकाही माणसाला त्या चित्रात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लँडर्समधल्याच गेंट शहरातून एका म्हाताऱ्या गृहस्थाचा संदेश आला. अशा पोथ्या वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी आधी तिच्या रेषेची मनापासून तारीफ केली, मग नम्रपणे विचारलं की हा पक्षी कोणता? पोथी आमच्याकडची असं आपण लिहिता, पण असा पक्षी आमच्याकडे नाही, कधी नव्हता. त्या काळी आमच्या माणसांना तुमच्या देशाचा पत्ताही नव्हता.

मोराग आधी हसली. मग तिने तो संदेश पुन्हा वाचला. ओट्यावर चहा तसाच टाकून ती निघाली आणि ग्रंथालय उघडायच्या आधीच पायऱ्यांवर येऊन येरझारा घालू लागली.

राविरीने तो संदेश दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पोथी आणून त्याने उशीवर उघडली, पान काढलं आणि दोघं वाकून बघत राहिले. एकदा कळल्यावर कशाला काही शोधावं लागत नव्हतं. बाकीच्या समासातली शाई जुनी होऊन तपकिरी पडली होती आणि नाचण काळीकुट्ट होती. मोराग डोक्यात फक्त रेषा घेऊन पळायची, म्हणून तिला रंग दिसला नव्हता. राविरीला मात्र काही सबब नव्हती.

“तीस वर्षं हे पान उलटतोय मी,” तो म्हणाला. “आणि रोज सकाळी हिलाच ओसरीवरून हाकलतो. काखेत कळसा म्हणतात तो हा.”

“म्हणजे कुणीतरी मागाहून काढली.”

“इथे आणल्यावर. इथल्याच माणसाने.” त्याने नाचणीकडे बोट दाखवलं. “आमची आजी म्हणायची, ही घरात शिरली की कुणाची तरी खबर घेऊन येते.”

पुढचं त्याने खाली बघत, तुटक तुटक सांगितलं. पोथी कपाटातून निघून शाईच्या जवळपास गेली ती एकाच ठिकाणी, मागच्या कार्यशाळेत. तिथे तिची शिवण दोनदा नव्याने घातली गेली आणि दोन्ही वेळा घालणारा माणूस एकच होता. समासात चिलटाचा डाग असला तरी यूअनला दिसायचा. ही त्याला दिसली नाही हे राविरीला पटणं शक्य नव्हतं.

मोरागच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी मुलीच्या हातातला टाक सहन केला नाही, ते चोरून पोथीत चित्रं काढत होते असं म्हणायचं का तुम्हाला, असं तिने विचारलं. राविरी म्हणाला, मी काहीच म्हणत नाही. गुरुवारी वेलिंग्टनहून पोथ्यांची तपासणी करणारी बाई येणार आहे. तिला हा कोपरा दाखवला तर ती पातं काढेल आणि नाचण खरवडून टाकेल. कातड्याच्या पानावरची शाई निघते, पाच मिनिटांचं काम. नंतर कुणी विचारणार नाही, आणि यूअनच्या पाटीलाही काही होणार नाही.

“आणि नाही खरवडली तर?”

“तर ती विचारेल, कुणी काढली. नाव सांगता आलं नाही तर तो डाग, आणि डाग काढतात. नाव सांगता आलं तर ती पोथीची हकीकत होते, मग ट्रस्टला विचार करावा लागेल. पण मग ती हकीकत सगळ्यांना कळेल, पोरी. बारशाच्या आधीच पाटीला काजळी.”

तिथून ती थेट आईकडे गेली. टेकडीचा चढ तिने न थांबता चढला. एफी स्वयंपाकघरात पावाच्या चकत्यांवर चीज पसरून गुंडाळ्या करत होती; शेजारच्या चर्चमध्ये कसलासा मेळा होता. मोराग बसेना. ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहिली.

“बस तरी, नाहीतर ह्या गुंडाळ तरी,” एफी म्हणाली. “मला गरगरायला लागलंय.”

मोरागने विचारलं, बाबा कधी चित्रं काढायचे का? एफीने मान हलवली. साधा बाणसुद्धा सरळ काढता यायचा नाही त्यांना. मग मोरागने मनात इतकी वर्षं अडकलेला प्रश्न विचारला, की माझ्या चित्रांचा त्यांना एवढा तिटकारा का होता.

एफीचे हात थांबले. 

“तिटकारा नव्हता गं. भ्यायचे ते.”

“चित्रांना?”

“शाईला. तुझ्या हातातल्या शाईला.” तिने सुरी खाली ठेवली. “तू सहा वर्षांची असशील. मी दाढ काढायला गेले होते, म्हणून हे तुला कार्यशाळेत घेऊन गेले. दुपारीच परत आले. भर कामाच्या दिवशी. तुला सरळ न्हाणीत उभं केलं आणि ब्रशने तुझी बोटं घासली. काळी झालेली पार. लाल होईपर्यंत घासली, तू रडतेयस आणि हे घासतायत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, हिला पुन्हा तिथे आणायचं नाही. बस, एवढंच. तीन दिवस नीट जेवले नाहीत. त्यानंतर शाईची ती पाटी लावली दाराशेजारी, आधी नव्हती ती.”

“आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? मलाच काही कळलं नव्हतं. मला वाटलं, तू कुठलं तरी पुस्तक नासवलंस आणि त्यांनी ते नीट केलं. ते सगळंच नीट करायचे.”

मोराग आता बसली. तिने एक चकती उचलली आणि ती गुंडाळायला घेतली, पण ती पुन्हा पुन्हा उलगडत होती. तिला तो दिवस आठवत नव्हता. आठवत होता फक्त ब्रशचा चरचरीतपणा आणि परसातल्या नाचणी, ज्या ती लहानपणी काढायची: दोन्ही डोळे एका बाजूला, कारण दोन डोळे असतात हे तिला माहीत होतं आणि मग एकच का दाखवायचा. सगळ्या भिंती, पाकिटं, बिलांच्या पाठी तिने नाचणींनी भरल्या होत्या. एफीने तिच्या हातातली चकती हळूच काढून घेतली आणि स्वतः गुंडाळली.

ग्रंथालयाच्या दारात मोरागने न सांगता हात पुढे केले. राविरीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिचा चेहरा बघून त्याने मुकाट्याने पोथी आणली, पान उघडलं आणि तिने मागितलं तेव्हा भिंग दिलं.

दोन्ही डोळे एका गालावर. काटे झालेले पाय.  मग भिंग शेपटीवर सरकलं आणि त्या मोकळ्या जागी थांबलं.

“काका, हे बघा. इथे पान खरखरीत आहे.”

राविरी वाकला. त्याने दिवा आडवा धरला. मोकळ्या जागेत कातड्याची लव उभी राहिलेली दिसली, एका पिसाएवढीच लांब पट्टी. तिथे पूर्वी पीस होतं. पातं लावून कुणीतरी ते काढलं होतं, एकाच फटक्यात, कडेला जराही न घसरता. असा हात ह्या गावात एकाचाच होता, दोघांनाही ते माहीत होतं.

“खरवडल्यावर हाडाच्या तुकड्याने घोटतात वरून,” राविरी हळू आवाजात म्हणाला. “म्हणजे मागमूस राहत नाही. हे घोटलेलंच नाही.”

“पुढचं पीस का नाही काढलं?”

राविरीने दिवा खाली ठेवला.

“पाच मिनिटांचं काम, तुम्हीच म्हणालात ना. सुरुवात तर केली होती.”

“केली होती.”

“मग नंतर कधीही काढता आलं असतं. पुढे एवढी वर्षं पोथी इथेच होती, ते इथेच होते.”

“रोज पातं हातात असायचं त्याच्या,” राविरी म्हणाला.

मोरागने भिंग खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते चटकन बाहीने पुसले, कारण पोथी उघडी होती आणि पानावर थेंब पडला असता तर वडिलांनी तिला तिथेच उभं जाळलं असतं. हे मनात आल्यावर तिला हसू फुटलं. त्यांचा राग, ती पाठ, भिंतीकडे फिरवलेल्या बाटल्या, सगळं जिथल्या तिथे होतं, त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण त्या सगळ्याच्या पोटात हा एक कोपरा होता, आणि रोज कामावर आल्यावर तो तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

राविरीने कागदाची चिठ्ठी पुढे ओढली आणि खिशातून पेन्सिल काढली.

“अजून वेळ गेलेली नाही,” तो म्हणाला. “मी गप्प बसेन म्हटलं तर बसेन. यूअन माझाही मित्र होता. बोल, गुरुवारी बाईंना काय सांगू? कुणी काढली?”

“मोराग डनबार,” ती म्हणाली. “वय वर्षं सहा.”

पेन्सिल कागदावर चालू लागली.

“आणि खरवडायला घेऊन कोण थांबलं, तेही लिहा.”

राविरीने वर पाहिलं. “पाटीचं काय होईल सांगता येत नाही हं.”

“लिहा.”

त्याने लिहिलं. नावाचं स्पेलिंग न विचारता, सावकाश, एकेक अक्षर टेकवत. मोराग ते पुरं होईपर्यंत थांबली आणि मग बाहेर आली.

वारा पडला होता. तिने सकाळी पायरीवर दगडाखाली ठेवलेला कोरा कागद तसाच होता. आजचा शब्द कोणता, हे तिने सकाळपासून पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहावंसं वाटलं नाही. तिने दौत उघडली, टाक बुडवला आणि वडिलांचा हात काढायला घेतला. जाड अंगठा, मधल्या बोटावरचा घट्टा, चिमटीत धरलेलं आखूड पातं, पानापासून जरासं वर उचललेलं. पुन्हा आत जाऊन बघून यावं लागलं नाही.